मयेकरबाईंचा आउटबॉक्स

मयेकरबाई ईमेल वाचायला बसण्याआधी कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून ठेवत. आधी आलेलं सगळं टपाल उतरवून घ्यायचं. खालच्या पट्टीतला आकडा थांबला की वाकून मशीनमागची वायर उपसायची, टेबलाच्या बाजूला ठोकलेल्या खिळ्याला अडकवायची, आणि मग चष्मा पुसून वाचायला सुरुवात. सकाळी साडेदहाला एकदा आणि दुपारी चारला एकदा. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं बसलो. रजा आणि सुट्ट्या वजा केल्या तर चार हजारांच्या आसपास दिवस होतात. त्यातल्या बहुतेक प्रत्येक दिवशी मी ती वायर निघताना पाहिली आहे.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना कॉम्प्युटरची भीती वाटते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझा अडकलेला प्रिंटर दोन मिनिटांत सोडवून दिला आणि मी ती कल्पना सोडून दिली.

आमची कचेरी जहाजांवर माणसं पाठवायची. गिरगावात, चर्नी रोड स्टेशनपासून चालत सात मिनिटं, जुन्या इमारतीचा दुसरा मजला. जहाजांचे मालक परदेशात. त्यांना खलाशी, फिटर, स्वयंपाकी लागत. ते आम्ही कोकणातून आणि गिरणगावातून शोधून देत असू. माझं काम समुद्रावरचे दिवस मोजण्याचं. कोण कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, मधले दिवस किती. बढतीच्या परीक्षेला बसता येणार की नाही, हे त्या दिवसांवर ठरतं, म्हणून एक दिवस इकडचा तिकडे होऊन चालत नाही. बाईंकडे आवक-जावक होतं. त्या लागल्या तेव्हा टाइपरायटर आणि दोन जाड रजिस्टरं होती. पुढे ईमेल आला, पण बाईंच्या लेखी ते आवक-जावकच राहिलं.

सुलभा मयेकर. राहायला लालबाग, वडील गिरणी कामगार. अंगाने किरकोळ, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. सव्वाबाराला डबा घेऊन जिन्याच्या वळणावर जात आणि तिथल्या बाकड्यावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खात. कचेरीत निम्मे लोक शाकाहारी, कागदांना वास नको, असं त्यांचं म्हणणं. आम्ही कितीदा सांगितलं की आमची काही हरकत नाही. तुमची नसेल, कागदांची असेल, असं म्हणून त्या जिन्याकडे जात.

आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, की पूर्वी मेल ब्राउझरमध्ये उघडत नसत. कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्रॅम बसवलेला असे. तो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरून आपली पत्रं आपल्या मशीनवर आणून ठेवी. एकदा पत्रं उतरली की तिथली पेटी रिकामी. पत्र वाचायला, उत्तर लिहायला इंटरनेट लागत नसे. लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये पडून राही आणि जोडणी झाली की एकदम बाहेर जाई. बाई वायर काढत त्या ह्या आउटबॉक्ससाठी. त्यांचा नियम होता की लिहिलेलं पत्र निदान तासभर घरात राहिलं पाहिजे. साडेदहाच्या टपालाची उत्तरं त्या बाराच्या आत लिहीत, जेवून आल्यावर पुन्हा वाचत आणि मगच वायर लावत.

ह्या नियमाचा फायदा आमच्या साहेबांनाही झाला. आमचे मॅनेजर निवृत्त कॅप्टन होते, आम्ही त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणायचो. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. एकदा एका जहाजाच्या कप्तानाने आमच्या तीन माणसांबद्दल तक्रार लिहिली. साहेबांनी भरदुपारी बाईंना समोर बसवून उत्तर सांगितलं. शब्द असे होते की ते पत्र गेलं असतं तर त्या मालकाची पाचही जहाजं आमच्या हातून गेली असती. बाईंनी शब्दाला शब्द टाइप केलं. चारला साहेब केबिनमधून बाहेर आले, टेबलापाशी घुटमळले, आणि ते पत्र गेलं का, असं हळूच विचारलं. बाईंनी खिळ्याकडे बोट दाखवलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे ठेवला. तेच उत्तर, सात ओळींचं, नम्र भाषेत, त्यांनी जेवणाच्या वेळेनंतर स्वतःच लिहून ठेवलं होतं. साहेबांनी वाचलं आणि सही केली. त्यानंतर रागाची पत्रं सांगताना साहेब शेवटी म्हणत, "बाई, हे वायर काढून घ्या."

समुद्रावरून येणारे मेल त्या काळी लहान असत, उपग्रहाचा वेळ महाग म्हणून. जहाजाच्या कामाच्या मेलच्या शेपटाला कप्तान आठवड्यातून एकदा माणसांचे घरगुती निरोप जोडू देई, माणशी दोन ओळी. बाई ते वाचत आणि एकेका घरी फोन लावत. फोनवर त्यांची भाषा मालवणी होई. "तुझो घोव बरो आसा गो," एवढं पहिलं वाक्य मला ऐकू येई, मग आवाज इतका खाली जाई की शेजारी बसूनही कळत नसे. कोणाच्या दोन ओळींत काय होतं हे सोळा वर्षांत त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. उलट बाजूचा एक निरोप मात्र मला माहीत आहे, कारण त्याचा आकडा त्यांनी मला वाचून दाखवायला लावला होता. एका खलाशाला मुलगी झाली. बायकोच्या भावाने फोन करून एवढंच कळवलं. बाईंनी उलट हॉस्पिटलला फोन केला, वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं आणि मग जहाजाला लिहिलं: मुलगी, दोघी सुखरूप, वजन दोन किलो आठशे. वजन कशाला, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो दोन हजार मैलांवर आहे, साठे. त्याला हातात घ्यायला काहीतरी पाहिजे ना."

मी आकड्यांचा माणूस. आकड्याचा हा उपयोग मला तोवर सुचला नव्हता.

बाईंची पद्धत निर्दोष होती असं मात्र मी म्हणणार नाही. सुमारे सहा वर्षांपूर्वी त्यांचं अपेंडिक्स दुखू लागलं आणि परळच्या एका हॉस्पिटलात एका दिवसात ऑपरेशन करावं लागलं. नऊ दिवस त्या कचेरीत नव्हत्या. पहिल्याच दिवशी आम्ही दुसऱ्या मशीनवरून पेटी उघडली तर ती रिकामी. आदल्या दिवसापर्यंतचं सगळं टपाल बाईंच्या मशीनवर उतरलेलं, मशीनला पासवर्ड, पासवर्ड बाईंच्या डोक्यात, आणि बाई भुलीखाली. त्या टपालात रत्नागिरीकडच्या एका स्वयंपाक्याला कुठल्या बंदरात चढायचं ह्याचं बदललेलं पत्र होतं. तो त्याच दिवशी जुन्या बंदराला निघाला. त्याचं जहाज चुकलं.

दहाव्या दिवशी बाई टॅक्सीने आल्या, पोटावर हात धरून दोन जिने चढल्या. खुर्चीवर न बसता आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. पत्रं कचेरीची आणि किल्ली माझ्या एकटीकडे, हे चूक होतं आणि चूक माझी होती, असं त्यांनी सांगितलं. मग स्वयंपाक्याच्या घरी फोन करून त्याची माफी मागितली. त्यानंतर नऊ दिवसांचं टपाल उपसायला बसल्या. दोनशे अठरा पत्रं होती. त्या दिवशी वायर निघाली नाही, निघण्यासारखी स्थितीच नव्हती. पुढचे तीन-चार दिवस तसेच गेले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ते पुढे लागेल.

त्यानंतर बाईंनी सगळी व्यवस्था बदलली. पत्राची एक प्रत तीस दिवस सर्व्हरवरही राहील अशी खूण प्रोग्रॅममध्ये केली. पासवर्ड पाकिटात घालून, पाकिटावर सही करून साहेबांच्या कपाटात ठेवला. आणि दर आठवड्याला सगळ्या टपालाची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. तीही कपाटात. प्रत घेऊन त्या थांबल्या नाहीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डिस्क माझ्या मशीनला जोडायची, मी मनाला येतील त्या दहा तारखा सांगायच्या, आणि बाईंनी त्या दिवसाचं एकेक पत्र उघडून दाखवायचं. उघडून न पाहिलेली प्रत असली काय आणि नसली काय, असं त्या म्हणत. पाच वर्षांत मी सहाशे तारखा विचारल्या. दोन दिवसांचं पत्र सापडलं नाही. मी माझी रोजनिशी पाहिली, दोन्ही दिवशी कचेरी बंद होती.

मग आमची कचेरी एका मोठ्या कंपनीने घेतली आणि कंपनीच्या सिस्टिम विभागातून श्वेता आली. तिशीची, चटपटीत, बोलायला स्वच्छ. आता मेल ब्राउझरमध्ये उघडायचा, म्हणाली. मशीन बिघडलं तरी पत्र जात नाही, कुठल्याही कॉम्प्युटरवरून, फोनवरूनही दिसतं, शोधायला क्षणभर लागतो. मला वाटलं, आता बाई भांडणार. बाईंनी वही काढली आणि टिपून घेतलं. श्वेताला कोणीतरी अपेंडिक्सची गोष्ट सांगितली असावी. मॅडम, हे तेव्हा असतं तर तुम्ही खाटेवरून फोनवर मेल पाहिला असता, असं ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. "खरं आहे. त्या माणसाचं जहाज चुकलं नसतं."

नंतर त्यांनी विचारलं, जुन्या पत्रांचं काय? श्वेता म्हणाली, फक्त गेल्या एका वर्षाची नव्या पेटीत येतील. आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची पेटी? ती नव्वद दिवसांनी पुसली जाते. बाईंनी तेही टिपलं. वही मिटून म्हणाल्या, "घर छान आहे तुमचं, पण भाड्याचं आहे. मी राहीन तिथे. दप्तर मात्र माझ्याच कपाटात राहील."

आणि खरोखर महिनाभरात त्या ब्राउझरच्या मेलमध्ये आमच्यापेक्षा तरबेज झाल्या. फोनवर मेल आला तर बसमध्ये वाचायला लागल्या. जुना प्रोग्रॅमही श्वेताने नव्या पेटीला जोडून दिला, दोन्हीकडे तेच दिसेल म्हणून. बाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वतःला एक पत्र पाठवलं, ब्राउझरमधून ते पुसलं, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं. तिथूनही गेलं होतं. त्यांनी श्वेताला बोलावून दाखवलं. हा आरसा झाला, मला प्रत पाहिजे, म्हणाल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी त्या आठवड्याची पत्रं नव्या पेटीतून ओढून मशीनच्या स्वतःच्या कप्प्यांत टाकत आणि मग डिस्कवर घेत. श्वेता हे सगळं पाहत उभी होती. जाताना मला म्हणाली, आमच्या विभागात चौदा इंजिनिअर आहेत, हे पुसून बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी, बाईंच्या निवृत्तीला तेवीस दिवस उरले असताना, दत्ता परब कचेरीत आला. भोईवाड्यात राहणारा, आमच्याच कचेरीतून जहाजावर गेलेला फिटर. एकेचाळीस वर्षांचा माणूस, पण खांदे पडलेले. हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलायचं काम करतो, म्हणाला. साडेचार-पाच वर्षांपूर्वी जहाजावर त्याचा उजवा हात भाजला, त्याला एका परक्या बंदरात उतरवलं, हॉस्पिटलात ठेवलं, मग घरी पाठवलं. हात बरा झाल्यावर तो दुसरं जहाज शोधू लागला. कोणी घेईना आणि कोणी कारणही सांगेना. शेवटी महिन्यापूर्वी एका ठिकाणच्या माणसाने संगणकात पाहून सांगितलं, तुमच्या नावापुढे जहाज सोडून पळाल्याची नोंद आहे. नोंद काढायची तर पुरावा द्या. त्याने सरकारी शिपिंग कार्यालयात अर्ज केला होता, सुनावणी आठ दिवसांवर होती. ते जहाज भंगारात गेलेलं, मालकाची कंपनी बंद, कप्तान कुठे आहे कोणाला ठाऊक नाही.

कॅप्टनसाहेबांनी ब्राउझरमध्ये त्याचं नाव टाकलं. काही सापडलं नाही, सापडणारही नव्हतं. दत्ता उठायला लागला. बाई म्हणाल्या, बसा, जहाजाचं नाव सांगा.

त्यांनी टेबलाखालचं जुनं मशीन सुरू केलं. नाव टाकल्यावर त्या जहाजाची दोन हजारांवर पत्रं आली, आणि कप्तान कोणाला नावाने लिहीत नसे, फक्त हुद्द्याने. मी माझी वही उघडली. दत्ता परबचे त्या जहाजावरचे दिवस मी एकशे त्र्याहत्तर धरले होते. शेवटच्या दिवसाची तारीख समोर होती. बाई त्या तारखेला गेल्या. पत्र तीन ओळींचं होतं. फिटरचा उजवा हात भाजला आहे, बंदरातल्या एजंटाबरोबर किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात पाठवत आहे, जहाज थांबू शकत नाही, पासपोर्ट एजंटाकडे दिला आहे. मी मराठीत वाचून दाखवलं. दत्ताने आधी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे. तिथली कातडी अजून चकाकत होती.

मी म्हटलं, हे त्यांना फॉरवर्ड करू. बाई नको म्हणाल्या. फॉरवर्ड केलं की पाकीट आपलं होतं, आणि आतला मजकूर तर कोणीही टाइप करू शकतो. पत्र कुठल्या मशीनवरून निघालं, कुठे कुठे थांबलं, किती वाजता पोचलं, हे सगळं मूळ पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, एरवी लपलेलं. त्या ओळी त्यांनी उघडल्या, छापल्या आणि मूळ पत्र जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर घेतलं. दत्ताने हात जोडले. साहेबांनी चहा मागवला. काम झालं होतं.

बाईंनी मशीन बंद केलं नाही. मग हे नाव लागलं कसं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. त्या महिन्याअखेर आम्ही मालकाला जहाजावरून उतरलेल्यांची यादी पाठवली होती, आणि मालकाकडून ती सरकारी नोंदीत जाई. बाईंनी ती उघडली आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. मी वाकून पाहिलं. दत्ता परब, फिटर. पुढे कारणाचा रकाना: परवानगीशिवाय जहाज सोडलं. त्यांनी आदल्या महिन्याची यादी काढली. त्याच ओळीत दुसरा एक माणूस होता, जो खरोखरच एका बंदरात निघून गेला होता. त्याच यादीवर नवीन नावं टाकून ही यादी तयार केली होती. नाव बदललं होतं. कारण बदलायचं राहिलं होतं.

माझी नजर सवयीने वेळेवर गेली. यादी तीन बावन्नला पूर्ण झाली होती आणि तीन त्रेपन्नला गेली होती. बाईंचं कुठलंही पत्र तासाभराच्या आत बाहेर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. हे एका मिनिटात गेलं होतं. तारीख पाहिली. बाई टाक्यांवर हात धरून आल्या त्यानंतरचा तिसरा दिवस. मी तेवढं हळूच बोललो. बाई म्हणाल्या, "ते तुम्हाला ठाऊक आहे, साठे. त्याला काय करायचंय त्याचं?"

मग खुर्ची वळवून त्यांनी दत्ताला सांगितलं, "ही यादी मी केली आहे. तुमच्या नावापुढे हे मी लिहिलं."

दत्ताला आधी समजलं नाही. त्याने हातातला चहाचा कप बघितला, मग साहेबांकडे बघितलं. समजलं तेव्हा कप खाली ठेवून तो निघून गेला. पेन ड्राइव्ह टेबलावरच राहिला. बाई गुडघ्याच्या दुखण्यामुळे जिना सावकाश उतरत, त्या दिवशी मात्र दोन जिने भराभर उतरून रस्त्यावर गेल्या आणि तो दत्ताच्या हातात देऊन आल्या.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, आम्हाला ऐकू येत होतं. साहेब प्रेमाने बोलत होते. पहिलं पत्र पुरेसं आहे, त्यावर तो सुटतो. यादी दाखवायची गरज नाही. चौतीस वर्षं झाली, तीन आठवडे राहिले, कशाला सेवापुस्तकात शेरा घेता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "साहेब, पहिल्या पत्राने त्याला माफ करतील," त्या म्हणाल्या. "माफ कशाला करायचं? त्याने काही केलेलंच नाही. ते यादीशिवाय कळणार नाही."

सुनावणीला त्या गेल्या. दिवसांचा हिशोब विचारला तर असावा म्हणून मीही गेलो. अधिकारी तरुण होते, शांत होते. त्यांनी पत्र पाहिलं, पत्राच्या डोक्यावरच्या ओळी पाहिल्या, मग दोन महिन्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ही यादी कोणी केली, त्यांनी विचारलं. बाई उभ्या राहून म्हणाल्या, मी. आणि हे इतक्या वर्षांचं टपाल कोणी जपलं? बाई म्हणाल्या, तेही मीच. अधिकाऱ्यांनी लिहायला घेतलं. नोंद चुकीची होती, ती रद्द केली आहे, असं लेखी पत्र दत्ताला तिथेच मिळालं. कंपनीने बाईंच्या सेवापुस्तकात शेरा मारायचा तो पुढच्याच आठवड्यात मारला.

बाहेर आल्यावर दत्ता आमच्यापासून चार हात अंतरावर उभा राहिला. मग जवळ आला. "बाई, आठ दिवस मी घरात धड बोललो नाही. राग आला होता. अजून आहे," तो म्हणाला. "पण ती यादी तुम्ही काढली नसती तर मला जन्मात कळलं नसतं कोणी केलं ते."

"म्हणून तर काढली," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हात बरा झाल्याच्या सर्टिफिकेटपासून आजपर्यंत किती दिवस होतात. मी वहीत मोजून सांगितलं, एक हजार पाचशे सहा. त्यांनी तो आकडा परत विचारला. मग दत्ताला विचारलं की घरी कोण असतं. बायको, वैशाली, आणि दोन मुलं. रविवारी सकाळी मी येते, असं म्हणून त्या बस पकडायला गेल्या.

रविवारी मी त्यांच्याबरोबर भोईवाड्यात गेलो. बोलावलं नव्हतं, पण एकटं जाऊ द्यायला मन घेईना. चाळीचा तिसरा मजला, लांबलचक गॅलरी, ओळीने चौदा खोल्या. दत्ताची अगदी शेवटची. वैशालीने दारातच आम्हाला पाहिलं. बारीक चणीची, कपाळावर आठी, हातात लाटणं. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, एक आजारपण सोडून काही न वगळता. मग म्हणाल्या की तुमची माफी मागायला आले आहे.

वैशालीने लाटणं आत ठेवलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"माझी कशाला मागताय?" ती म्हणाली. "माझा नवरा पळून येणारा नाय, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कधी मानलंच नाय. पण महिना झाला, हे त्या कारणाचं ऐकून आले तेव्हापासून ह्या गॅलरीत माझ्या पोरांना पळपुट्याची पोरं म्हणतायत. ज्यांनी मानलं त्यांना सांगा."

दत्ता आतून म्हणाला, वैशाली, राहू दे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कुठून सुरू करू?" त्यांनी वैशालीला विचारलं.

"जिन्याकडून."

बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला चालत गेल्या आणि पहिल्या दाराची कडी वाजवली. एका बाईने दार उघडलं. मयेकरबाई म्हणाल्या, "माझं नाव सुलभा मयेकर. दत्ता परब ज्या कचेरीतून जहाजावर गेले तिथे मी काम करते. ते जहाज सोडून पळाले नव्हते. हात भाजला म्हणून कप्तानाने त्यांना उतरवलं होतं. यादीत चूक मी केली." ती बाई गोंधळून आत नवऱ्याला हाक मारू लागली. नवरा आला, बाईंनी त्याला तेच सांगितलं. दुसऱ्या दारात एका कॉलेजच्या मुलीने मोबाइल खाली घेऊन ऐकलं. तिसऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना कमी ऐकू येत होतं. बाईंनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरची माणसं चौकात येऊन वर बघू लागली. शब्द तेच, क्रम तोच, सुरुवातीला स्वतःचं पूर्ण नाव.

पाचव्या दारापर्यंत वैशाली त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. सहाव्या खोलीत पूजा चालू होती, जरा थांबा, असं आतून सांगितलं. मयेकरबाई थांबल्या. गुडघा दुखत असावा, कारण त्यांनी एक हात कठड्यावर टेकवला होता. पलीकडे दत्ताच्या दाराआधी अजून सात दारं होती.